मागची डावी सीट

१

वायर दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा माझा नियम आहे. इथे परदेशात, क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मी दिवसभर सर्किट बोर्डांच्या चाचण्या घेतो, आणि जगातले निम्मे बिघाड कुणीतरी घाईघाईत पिळलेल्या वायरीतून होतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्यामुळे ऋता गरोदर असताना आम्ही जुनी एसयूव्ही घेतली, तेव्हा तिचा स्टिरिओ मीच बदलणार हे ठरवायचीसुद्धा गरज नव्हती. ऋता म्हणाली, दुकानात नेलीस तर संध्याकाळपर्यंत करून देतील. मी म्हणालो, देतील, पण मग मला झोप लागणार नाही.

गाडी झकास होती. सीट स्वच्छ, इंजिनाचा आवाज सरळ, आधीच्या मालकाने जपून वापरलेली. तो कोण, कुठला, याची मी चौकशी केली नाही. फक्त आतला स्टिरिओ अगदीच जुनाट होता आणि विजेच्या सोयी नावाला. मला मोठ्या पडद्याचा स्टिरिओ हवा होता, गाडी मागे घेताना बघायला कॅमेरा हवा होता, आणि मागच्या सीटवरचं बाळ पुढे पडद्यावर दिसावं म्हणून छताला आणखी एक छोटा कॅमेरा. शिवाय डाव्या सीटजवळ चार्जिंगची जागा आणि बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा एक मंद दिवा. आम्ही फार वर्षं वाट बघितल्यावर ही मुलगी येत होती. तिला जिच्यातून घरी आणायचं त्या गाडीबाबत मी जरा चक्रमपणाच करत होतो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती.

हौगांगमधल्या आमच्या राहत्या इमारतीला लागून बहुमजली पार्किंग आहे. त्याचा सगळ्यात वरचा मजला उघडा, तिथे सहसा कुणी गाडी लावत नाही. शनिवारी सकाळी टोपी घालून मी तिथे ठाण मांडलं. डॅशबोर्डची झाकणं प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच उचकटली, जुना स्टिरिओ बाहेर ओढला, रंगाला रंग जुळवून नव्याच्या वायरी जोडल्या. मागे जाणाऱ्या वायरी गालिच्याखालून, दाराच्या कडेने, जागोजागी चिमटे लावून नेल्या. संध्याकाळी ऋता चहा घेऊन वर आली तेव्हा नव्या पडद्यावर गाणं लागलं होतं आणि एकही वायर कुठे दिसत नव्हती. ती म्हणाली, दुकानाची पाटी लाव आता. मला आतून फार बरं वाटलं.

२

दुसऱ्या दिवशी पहिली चक्कर मारली. ऋता पुढे माझ्या शेजारी होती, मागे कुणी नव्हतं. पार्किंगचा उतार संपवून रस्त्याला लागलो आणि समोर लाल खूण उमटून टिंग टिंग सुरू झालं. मागच्या डाव्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि त्याने बेल्ट लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं.

हे माझंच काम, मी लगेच ओळखलं. सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, आणि माझी चार्जिंगची वायर तिथूनच जात होती. घरी येऊन वायर सरकवली. टिंग टिंग थांबलं नाही. मग वायर पूर्ण काढून बघितली. तरी थांबलं नाही. सेन्सरचा जोड साफ केला, वायर परत होती तशी बसवली, गादी उचलून कोपऱ्यात अडकलेलं नाणं, पेन वगैरे काही आहे का बघितलं. काहीच नव्हतं.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. सेन्सर बिघडला तर एकतर सारखा वाजतो, नाहीतर वाजतच नाही. हा मात्र मी एकटा गाडीत बसून तपासत असलो की गप्प असायचा. आम्ही दोघं बसलो, दारं लागली, की थोडं थांबून सुरू व्हायचा.

"आपण बसल्यावर बसतं," ऋता म्हणाली. ती चेष्टाच करत होती.

त्यावर मी जो उपाय केला तो आपल्याकडे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असतो. पुण्यात आमच्या घरच्या गाडीतले सगळे बेल्ट रिकाम्या सीटवरून आधीच लावून ठेवलेले असायचे आणि आम्ही त्यांच्यावर बसायचो. गाडी खूश, आम्ही खूश. मी मागचं दार उघडलं, डाव्या सीटचा बेल्ट ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि बक्कल खटकन लावलं. वर सीटला म्हणालो, "बसा आता आरामात, हलू नका." टिंग टिंग बंद झालं ते बंदच झालं. एवढ्या साध्या युक्तीसाठी रविवार वाया घालवला, म्हणून मी स्वतःवरच हसलो.

३

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी उतरली होती.

बंद गाडीतून वीज कोण खातंय हे शोधायची पद्धत सोपी आहे. मीटर जोडायचा आणि एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजने आकडा पडेल, चोर त्या वाटेवर. मी सुट्टी टाकून वर गेलो. ऊन चढत होतं, खालच्या शाळेतून मुलांचा कालवा येत होता. आकडा पडला तो मीच ओढलेल्या मागच्या चार्जिंगच्या वायरीवर. तिथे कुणाचा फोन लावलेला नव्हता. दिवा बंद होता.

मी मीटर बॉनेटवर ठेवला आणि मागे गेलो. काचेतून आत नजर टाकली तेव्हा मला बेल्ट दिसला. रिकाम्या सीटवर लावलेला बेल्ट सीटला सपाट चिकटून असतो. हा चिकटलेला नव्हता. मधोमध तो पुढे आलेला होता, आणि सीट व बेल्ट यांच्यामध्ये पुष्कळ जागा होती.

मी दार उघडलं. बेल्ट सपाट होता. पुढे येऊन मीटर बघितला, आकडा शून्य. मागे जाऊन दार लावलं, परत मीटर बघितला, आकडा पहिल्यासारखा. पुन्हा उघडलं, शून्य. त्या वायरीचा आणि दाराचा काहीही संबंध नव्हता. वायर कुठून कुठे जाते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

काचेवर उन्हाची तिरीप होती, बेल्टचं ते तसलंच काहीतरी, असं मी ठरवलं. आणि वायर तर माझीच होती. मी कात्री घेतली आणि ती कापून टाकली. बॅटरीची तक्रार त्यानंतर कधी आली नाही. ऋताला संध्याकाळी म्हणालो, चार्जिंग हवं कशाला, तू बाळाला बघणार की फोनला? ती म्हणाली, हो, पण ते तू लावलंस तेव्हा सांगायचं होतंस.

४

बाळंतपणासाठी पुण्याहून सासूबाई आल्या. त्यांचं नाव मालती, मी त्यांना आईच म्हणतो. घर चालवण्यात बाई खंबीर, उगाच घाबरणाऱ्यातल्या नाहीत. विमानतळावर ऋताचं अवघडलेपण बघून त्यांनी तिला पुढची सीट दिली, स्वतः उजव्या दाराने मागे बसल्या आणि सरकत मध्ये आल्या. उजवीकडे त्यांनी लाडवांचा डबा ठेवला. तो डिकीत टाकायला त्या तयार नव्हत्या.

मधली सीट अरुंद आहे, तिथे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. मी आरशातून बघत होतो. त्या अंग चोरून बसल्या होत्या. मी म्हणालो, आई, डावीकडे सरका ना, अख्खी सीट रिकामी आहे, बेल्ट काढा तिथला. त्या म्हणाल्या, असू दे, मी बरी आहे इथे. एका वळणावर त्यांचा तोल डावीकडे गेला, तसं त्यांनी पुढची सीट धरून स्वतःला सावरलं. देवळातल्या गर्दीत शेजारच्या अनोळखी माणसाला धक्का लागू नये म्हणून बायका सावरतात, तसं.

घरापाशी आलो. मी त्यांचं दार उघडून उभा होतो. त्या डबा घेऊन उतरल्या, वाकून आत बघितलं आणि डाव्या सीटच्या दिशेने सहज म्हणाल्या, "येते हं."

मी विचारलं, कुणाला म्हणालात? त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम गोंधळलेला झाला. मग म्हणाल्या, सवय हो, आपल्याकडे निघताना म्हणतोच की. ते बरोबर आहे. म्हणतोच. पण निघताना आपण ते कुणालातरी म्हणतो.

त्यानंतर लिटिल इंडियातल्या देशी दुकानांतून डिंक, अळीव, बाजरीचं पीठ आणायला जायचं निघालं, तेव्हा त्यांनी बसने जाऊ म्हणून हट्ट धरला. गाडीत मळमळतं, म्हणाल्या. विमानातून उतरताना त्यांना काही झालं नव्हतं, हे मी बोललो नाही.

५

बाळाची सीट बसवायचा दिवस आला तेव्हा ऋता माझ्याबरोबर पार्किंगमध्ये आली. तिला ती सीट उजवीकडे, माझ्या मागे हवी होती. मी तिला समजावलं की इथे डावी बाजू फुटपाथची, बाळाला रहदारीच्या बाजूने चढवणं-उतरवणं म्हणजे वेडेपणा, शिवाय कॅमेरा मी डावीकडेच लावलाय. हे सगळं खरं होतं. ती ऐकत होती, पण बघत होती त्या बांधलेल्या बेल्टकडे.

"प्रबोध, मी मूर्खासारखं बोलतेय हे मला कळतं," ती म्हणाली. "पण आई त्या सीटवर बसत नाही, मीसुद्धा बसले नाही कधी. आणि आपण तिथे तिला ठेवणार. तू मला शब्द दे, की तिथे काही नाही."

तिचे डोळे भरून आले होते. या मुलीआधी आमच्या वाट्याला जे आलं होतं, त्यानंतर तिला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची, आणि त्या प्रत्येक वेळी तिला माझी खात्री हवी असायची. खात्री देणं मला जमतं. मी तिचा हात धरून म्हणालो, "काही नाही तिथे. मी शब्द देतो."

"तू म्हणतोस म्हणून," ती म्हणाली आणि सावलीत जाऊन उभी राहिली.

मी बक्कलचं लाल बटण दाबलं. एरवी बेल्ट सुटला की सर्रकन आत जातो. हा सुटला आणि सीटपुढे तसाच आडवा राहिला, मधोमध पुढे आलेला, कशाला तरी टेकलेला. मग तो हळूहळू आत जाऊ लागला, अगदी बेताने, कुणीतरी सोडत सोडत द्यावा तसा. आतली स्प्रिंग ढिली झाली असेल. तो पूर्ण आत जाईपर्यंत मी श्वास धरून उभा होतो, एवढं मात्र मला आठवतं.

बाळाची सीट मागे तोंड करून ठेवली, बेल्ट तिच्यातून ओवून घट्ट लावला, दोन्ही हातांनी हलवून बघितली. तसूभर हलली नाही. आम्ही दोघं पुढे बसून एक चक्कर मारली. टिंग टिंग नाही, लाल खूण नाही. पडद्यावर छतावरून दिसणारी रिकामी इवलीशी सीट आणि कडेला मधल्या सीटची पट्टी. ऋताने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, संपलं. ज्याला जायचं होतं ते गेलं, असं काहीसं मनात आलं आणि मीच चपापलो, कारण तोवर कुणी होतं असं मी एकदाही मानलं नव्हतं.

६

मुलगी सुखरूप झाली. काळेभोर केस, नाक ऋताचं, आवाज माझा. घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलची नर्स गाडीपर्यंत आली, बाळाची सीट हलवून बघितली आणि म्हणाली, "वाह, डॅडी फिक्स व्हेरी टाइट. कॅन, कॅन." इथल्या बोलीत कॅन म्हणजे चालतंय, छान आहे. मी छाती फुगवून स्टिअरिंगवर बसलो. आई घरी थांबल्या होत्या. ऋता मागे उजवीकडे बसली, बाळ डावीकडे. मधली सीट रिकामी होती. ऋताची पिशवीसुद्धा मी डिकीत ठेवली होती.

एक्स्प्रेसवेला लागेपर्यंत ऋताचा डोळा लागला. भर दुपारची वेळ, रस्ता मोकळा. मी पडद्यावर बाळाला बघत होतो आणि इतका सुखात होतो की गाणंसुद्धा लावलं नव्हतं.

टिंग टिंग सुरू झालं. समोर लाल खूण आली होती, पण डाव्या सीटची नाही. मधल्या सीटची.

बाळ दचकून जागं झालं आणि रडू लागलं. एक्स्प्रेसवेवर थांबता येत नाही. मी हळू आवाजात ऋताला हाक मारली, ती हलली नाही. बाळंतिणीची झोप होती ती. बाळाचं रडणं वाढत गेलं, टिंग टिंग वाढत गेलं. ऋता झोपेत मध्ये कलंडली असेल म्हणून मी आरशात बघितलं. ती दाराला डोकं टेकून झोपली होती, मधल्या सीटपासून दूर.

तेव्हा मागे खटकन आवाज झाला. बेल्टचं बक्कल लागल्याचा. टिंग टिंग थांबलं आणि लाल खूण गेली.

पाठोपाठ बाळाचं रडणंही थांबलं. मी पडद्याकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते. डावा हात दुपट्यातून बाहेर आला होता, मधल्या सीटच्या बाजूला, आणि मूठ मिटलेली होती. आईचं बोट धरलं की बाळाची मूठ मिटते तशी. तो हात अगदी हळू वर-खाली होत होता. झोपेतच ऋताने बोट दिलं असणार, म्हणून मी पुन्हा आरशात बघितलं. तिचे दोन्ही हात शालीखाली, मांडीवर होते.

मी ऋताला उठवलं नाही. मी वेग कमी केला, डावी लेन धरली आणि आमच्या वळणापर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवली. मुलगी शांत होती. मला तिच्या शांत असण्याची एवढी भीती आयुष्यात कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

७

पार्किंगमध्ये ऋता जागी झाली. तिने विचारलं, रडली का रे? मी म्हणालो, थोडी. ती उतरून माझ्या बाजूला आली. मी डावं दार उघडलं. मधल्या सीटचा बेल्ट लावलेला होता. त्याच्या मागे सीट होती, दुसरं काही मला दिसलं नाही.

मी बाळाचे पट्टे सोडले, मानेखाली हात घातला आणि तिला उचलू लागलो. ती उचलली गेली, पण डावा हात मागे राहिला. सरळ ताणलेला, मूठ मिटलेली, मधल्या सीटकडे. मी आणखी उचललं. हात आणखी ताणला. मला थोडा जोर लावावा लागला.

"हळू," ऋता मागून म्हणाली. "अडकलंय का काही?"

"सोडा," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "सोडा तिला."

मूठ उघडली. मुलगी माझ्या हातात आली आणि जिवाच्या आकांताने रडायला लागली. ऋताने विचारलं, कुणाला म्हणालास? मी म्हणालो, बेल्टला. मी तिला बाळ दिलं, डिकीतली पिशवी घेतली, चारही दारं लावली, कुलूप लागलं का ते ओढून बघितलं. गाडी इथून हलवायची नाही, उद्या विकायला काढायची, हे मी तिथेच ठरवलं. ठरवल्यावर मला जरा बळ आलं.

लिफ्टमध्येही ती रडतच होती. ऋता तिला थोपटत होती, गुणगुणत होती, काही उपयोग होत नव्हता. आमच्या मजल्याच्या थोडं आधी ती एकाएकी गप्प झाली. ऋता म्हणाली, बघ, आईचा आवाज कळतो तिला. मी बघितलं नाही. मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिलो.

दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मायलेकींवरून तुकडा ओवाळला, दोघींच्या डोळ्यांना पाणी लावलं. मग त्यांची नजर बाळाच्या हातावर गेली आणि तुकडा बाहेर टाकायला उचललेला त्यांचा हात तिथेच थांबला.

ऋता हसत म्हणाली, "केवढी घट्ट मूठ. काय धरलंय गं एवढं?"

मी तिला सांगितलं की नवजात बाळं मुठी मिटतातच. तळव्याला काही लागलं की त्यांची बोटं आपोआप बंद होतात. हे खरं आहे, कोणत्याही डॉक्टरला विचारा. आई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि आत जायला वाट करून दिली. ऋताने उंबरा ओलांडला. मुलीचा हात तिच्याही पुढे, पाळण्याच्या खोलीकडे सरळ ताणलेला होता, आणि ऋता त्या हातामागून चालत गेली.